पर्यावरणीय पाऊलखूण कशी मोजावी आणि कशी वाचावी

एखादी व्यक्ती, शहर किंवा देश वर्षभरात जे खातो, वापरतो आणि जाळतो ते सारे पुरवण्यासाठी, तसेच त्यातून हवेत जाणारा कार्बन शोषून घेण्यासाठी किती जमीन आणि किती समुद्र लागेल, या प्रश्नाचे क्षेत्रफळाच्या भाषेत दिलेले उत्तर म्हणजे पर्यावरणीय पाऊलखूण. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि त्यांचे विद्यार्थी मॅथिस वाकर्नागेल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत विकसित केली. पुढे २००३ मध्ये स्थापन झालेल्या ग्लोबल फूटप्रिंट नेटवर्क या संस्थेने देशोदेशींचे वार्षिक हिशोब मांडण्याचे काम हाती घेतले. आज वृत्तपत्रांतून ‘आपण पावणेदोन पृथ्व्या वापरतो’ अशी जी वाक्ये येतात, त्यांचा उगम याच हिशोबात आहे.

इंटरनेटवर चार-दोन प्रश्नांची उत्तरे दिली की आपली पाऊलखूण सांगणारी गणकयंत्रे पुष्कळ आहेत. ती वापरायला हरकत नाही, परंतु त्यांच्या शेवटी मिळणाऱ्या एका आकड्याने फारसे काही कळत नाही. तो आकडा कुठून आला, त्यातला कोणता भाग आपल्या हातात आहे आणि कोणता नाही, आणि गृहीतके बदलली तर तो किती हलेल, हे तेथे दिसत नाही. म्हणून हा हिशोब एकदा तरी कागदावर, स्वतःच्या हाताने मांडावा. त्यासाठी लागणारे गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही.

आधी एकक समजून घ्यावे

पाऊलखूण ‘जागतिक हेक्टर’ या एककात मोजतात. साधा हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. परंतु सुपीक शेताचा एक हेक्टर आणि विरळ गवताच्या कुरणाचा एक हेक्टर यांची बेरीज तशीच केली, तर ती निरर्थक ठरते. जगातील सर्व जैवउत्पादक जमीन आणि पाणी यांची सरासरी उत्पादकता असलेला एक हेक्टर हे माप मानून प्रत्येक प्रकारच्या जमिनीला एक समतुल्यता गुणक दिला जातो. शेतजमिनीचा गुणक सुमारे २.५, जंगलाचा सुमारे १.३, कुरणाचा अर्ध्याच्या आसपास आणि मासेमारीच्या पाण्याचा त्याहूनही कमी असतो. बांधकामाखालील जमिनीला शेतजमिनीचाच गुणक लावतात, कारण वस्त्या बहुधा चांगल्या जमिनीवरच उभ्या राहिल्या, असे गृहीत धरलेले आहे.

मागणीची शीर्षे सहा आहेत: पिकांखालची जमीन, कुरणे, मासेमारीचे पाणी, लाकूड व कागद यांसाठीचे जंगल, बांधकामाखालील जमीन, आणि इंधन जाळल्याने निघणारा कार्बन शोषण्यासाठी लागणारे जंगल. यांतले शेवटचे शीर्ष एकटेच जगाच्या एकूण पाऊलखुणेचा सुमारे ६० टक्के भाग व्यापते. ही गोष्ट आताच लक्षात ठेवावी. पुढच्या निम्म्या शंका तिच्यातूनच निघतात.

दुसऱ्या बाजूला पुरवठा असतो, त्याला जैवक्षमता म्हणतात. एखाद्या देशातील शेत जगाच्या सरासरीपेक्षा दुप्पट पीक देत असेल तर त्याचा उत्पादकता गुणक २, निम्मे देत असेल तर ०.५. जगात तृणधान्यांचे सरासरी उत्पादन हेक्टरी सुमारे चार टन आहे. म्हणून हेक्टरी आठ टन देणारे एक हेक्टर शेत २ × २.५ म्हणजे ५ जागतिक हेक्टर जैवक्षमतेचे ठरते, आणि हेक्टरी दोन टन देणारे १.२५ जागतिक हेक्टरचे.

येथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पाऊलखूण मोजताना धान्याचे टन जगाच्या सरासरी उत्पादनाने भागतात, आपल्या शेताच्या उत्पादनाने नव्हे. त्यामुळे तेच दीडशे किलो धान्य कमी पिकणाऱ्या शेतातून आले काय किंवा भरघोस पिकणाऱ्या शेतातून आले काय, जागतिक हेक्टरमधील त्याची पाऊलखूण एकच राहते. बदलते ती त्या शेताची जैवक्षमता. शेत सुधारल्याने आपण कमी खाल्ले असे होत नाही, असा या नियमामागचा विचार आहे, आणि तो मला योग्य वाटतो.

हिशोबाची हद्द ठरवावी

मोजणी सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोणत्या वर्षाचा हिशोब, किती माणसांचा हिशोब, आणि उपभोगाचा की उत्पादनाचा हिशोब. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. देशाच्या हद्दीत जे पिकले, तुटले आणि जळले ती उत्पादनाची पाऊलखूण. त्यात आयात मिळवून निर्यात वजा केली की उपभोगाची पाऊलखूण मिळते. पोलाद एका देशात वितळले आणि त्याची मोटार दुसऱ्या देशात चालली, तर पोलादाचा कार्बन मोटार चालवणाऱ्याच्या खात्यावर जातो. घराचा हिशोबही नेहमी उपभोगाचाच असावा. शेजारी कारखाना आहे म्हणून त्याचा धूर आपल्या खात्यात येत नाही, आणि आपल्या वस्तूंचा धूर दूरच्या कारखान्यात निघाला म्हणून तो आपल्या खात्यातून सुटतही नाही.

वर्ष पूर्ण बारा महिन्यांचेच घ्यावे. थंडीच्या किंवा उकाड्याच्या एका महिन्याचे वीजबिल बाराने गुणल्यास हिशोब सपशेल चुकतो.

कार्बनपासून सुरुवात करावी

सर्वांत मोठे शीर्ष आधी घ्यावे, कारण त्याची नोंद सहज मिळते: विजेची बिले, इंधनाच्या पावत्या आणि प्रवासाची तिकिटे. चार माणसांच्या एका कल्पित घराचे उदाहरण घेऊ. वर्षाला वीज २४०० युनिट, मोटारीसाठी पेट्रोल ६०० लिटर आणि स्वयंपाकाचा गॅस १०० किलो.

एक लिटर पेट्रोल जाळल्यास सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलसाठी हाच आकडा सुमारे २.७ किलो आहे, आणि एक किलो स्वयंपाकाच्या गॅसमागे सुमारे ३ किलो. हे आकडे रसायनशास्त्राने ठरतात. वाहन कोणत्याही कंपनीचे असले तरी त्यांत फरक पडत नाही. आपल्या घराचे पेट्रोल म्हणून १३८० किलो आणि गॅस ३०० किलो. विजेचे तसे नाही. ती कशापासून तयार झाली यावर सारे अवलंबून असते. मुख्यतः कोळशावर चालणाऱ्या वीजजाळ्यात एका युनिटमागे ०.७ किलो किंवा त्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघू शकतो, तर जलविद्युतप्रधान जाळ्यात तो काही दहा ग्रॅमांवर येतो. ०.७ धरल्यास आपल्या घराचे १६८० किलो होतात. तेच दिवे, तोच पंखा, तोच फ्रिज, पण वीज धरणावरची असेल आणि युनिटमागे ०.०३ किलो धरले, तर वर्षाचे फक्त ७२ किलो.

चार माणसांत वाटल्यावर प्रत्येकी वीज ४२०, पेट्रोल ३४५ आणि गॅस ७५ असे एकूण ८४० किलो येतात. आता त्यांचे क्षेत्रफळ करायचे. राष्ट्रीय हिशोबांत जगातील सरासरी जंगल वर्षाला हेक्टरी सुमारे ०.७३ टन कार्बन, म्हणजे सुमारे २.६८ टन कार्बन डायऑक्साइड शोषते असे धरतात. उत्सर्जनाचा पाव भागाहून थोडा अधिक वाटा महासागर शोषून घेतात, तो आधी वजा करतात. एका टनातून महासागराचा वाटा काढल्यावर उरलेल्या ०.७२ टनाला २.६८ ने भागले की ०.२७ हेक्टर जंगल मिळते, आणि जंगलाचा गुणक लावला की सुमारे ०.३४ जागतिक हेक्टर. एक टन कार्बन डायऑक्साइड म्हणजे साधारण एक तृतीयांश जागतिक हेक्टर, एवढे एक सूत्र पाठ असले तरी बहुतेक बातम्यांतील आकडे तपासता येतात. आपल्या उदाहरणातील माणसाचे ८४० किलो म्हणजे सुमारे ०.२९ जागतिक हेक्टर झाले.

त्याच माणसाने वर्षातून एकदा सात हजार किलोमीटर दूरच्या शहरी विमानाने जाऊन परत यायचे ठरवले असे समजा. प्रवाशामागे किलोमीटरला ०.१ किलो हा काटकसरीचा अंदाज धरला तरी चौदा हजार किलोमीटरचे १४०० किलो होतात, म्हणजे सुमारे ०.४८ जागतिक हेक्टर. वर्षभराची वीज, पेट्रोल आणि गॅस या तिन्हींतला त्याचा वाटा एकत्र केला तरी तो या एका प्रवासाच्या मागे राहतो. शिवाय विमान उंचावर सोडत असलेल्या वाफेचे आणि इतर वायूंचे तापमानावर होणारे परिणाम यात धरलेलेच नाहीत. घरातले दिवे मालवण्याविषयी जेवढे बोलले जाते त्याच्या दशांशानेही या ओळीविषयी बोलले जात नाही, हे कागदावर मांडल्याशिवाय जाणवत नाही.

अन्नाचा हिशोब

अन्नासाठी घरात येणाऱ्या मालाची वर्षभराची ढोबळ यादी पुरते. माणशी दीडशे किलो धान्य घेतले, तर हेक्टरी चार टनांच्या हिशोबाने ०.०३७५ हेक्टर, म्हणजे ३७५ चौरस मीटर जमीन लागते, २.५ ने गुणल्यावर सुमारे ०.०९ जागतिक हेक्टर. डाळी आणि तेलबियांचे हेक्टरी उत्पादन धान्यापेक्षा बरेच कमी असल्यामुळे त्यांच्या प्रत्येक किलोला जमीन अधिक लागते, आणि हे पाहून काहींना आश्चर्य वाटते. तरीही धान्य, डाळ आणि तेल यांची बेरीज प्राणिजन्य अन्नाच्या तुलनेत सहसा लहानच राहते.

याचे कारण असे की प्राण्याने खाल्लेल्या चाऱ्याचा आणि दाण्याचा फार मोठा भाग त्याच्या स्वतःच्या जगण्यात, हालचालीत आणि उष्णतेत खर्च होतो. दाण्यावर वाढवलेल्या गुरांच्या एक किलो मांसामागे अनेक किलो दाणा लागतो, कोंबडीला त्याहून बराच कमी. जगातील शेती आणि कुरणे मिळून जी जमीन माणसाच्या अन्नासाठी वापरली जाते तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पशुधनासाठी जातो, पण जगाच्या अन्नातील उष्मांकांपैकी एक पंचमांशाहूनही कमी भाग त्यातून मिळतो. येथे सरसकट निष्कर्ष काढू नयेत. जेथे पीक येतच नाही अशा उताराच्या किंवा कोरड्या कुरणावर चरणारे जनावर माणसाच्या तोंडचा घास काढून घेत नाही, आणि हा फरक हिशोबातही कुरणाच्या कमी गुणकामुळे काही प्रमाणात उतरतो.

वाया गेलेले अन्न वेगळ्या ओळीत लिहावे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नापैकी सुमारे १९ टक्के, म्हणजे शंभर कोटी टनांहून अधिक अन्न फेकले गेले आणि त्यातला सुमारे ६० टक्के भाग घरांतून गेला. आठवडाभर कचऱ्यात जाणारे अन्न टाकण्यापूर्वी वजन करून लिहून ठेवले, तर आपल्या घराचा अंदाज सहज बांधता येतो. खरेदी केलेल्या वजनावर पाऊलखूण मोजली असेल तर वाया गेलेले अन्न त्यात आधीच धरलेले असते. ते पुन्हा मिळवू नये.

वस्तू, घर आणि सरकारचा वाटा

वस्तूंचा हिशोब सर्वांत अवघड, आणि येथे काटेकोरपणाचा हट्ट सोडलेला बरा. कपडे, भांडी, यंत्रे, कागद यांच्या वजनाची आणि वयाची यादी करावी. दहा वर्षे टिकणाऱ्या वस्तूचा दरवर्षी दहावा भाग धरावा. काही वस्तू वापरताना अधिक ऊर्जा खातात, काही बनताना. मोबाइल फोनच्या आयुष्यभरातील उत्सर्जनाचा बहुतांश भाग तो ग्राहकाच्या हाती येण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो, म्हणून त्याच्या चार्जरपेक्षा तो किती वर्षे वापरला हे महत्त्वाचे ठरते. जुन्या, वीजखाऊ फ्रिजच्या बाबतीत नेमके उलटे असू शकते.

घराने व्यापलेली जागा हा अगदी लहान आकडा निघतो. शंभर चौरस मीटरचे घर चौघांत वाटले तर प्रत्येकी ०.००६ जागतिक हेक्टर. घराचा खरा भार सिमेंट, पोलाद आणि विटा यांच्यात असतो आणि तो कार्बनच्या शीर्षात जातो. एकट्या सिमेंट उद्योगातून जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के उत्सर्जन होते.

यानंतर येते ती ओळ आपण भरू शकत नाही. रस्ते, पूल, रुग्णालये, शाळा, न्यायालये, सैन्य यांची पाऊलखूण राष्ट्रीय हिशोबात सरकारी उपभोग आणि भांडवली बांधकाम या सदरांखाली येते आणि ती सर्व नागरिकांत वाटली जाते. म्हणूनच कित्येक गणकयंत्रांत तुम्ही मोटार, मांस, विमान सारे सोडल्याचे सांगितले तरी उत्तर एका पातळीखाली उतरत नाही. उतरत नाही म्हणून गणकयंत्राला दोष देऊ नये. माणूस एकटा राहत नाही, एवढेच ते दाखवत असते. २००० नंतरच्या दशकात ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीने वैयक्तिक कार्बन मोजणारे गणकयंत्र आपल्या जाहिरात मोहिमेतून लोकांपुढे आणले, तेव्हा जबाबदारी ग्राहकाच्या खांद्यावर सरकवली जात असल्याची टीका झाली. ती टीका रास्त होती. तरी घराचा हिशोब मांडूच नये, असा तिचा अर्थ घेण्याचे कारण नाही. उलट, वीज कशापासून बनते या एका गोष्टीने आपल्या घराचे १६८० किलो ७२ वर येतात, हे ज्याने स्वतः मांडून पाहिले, तो आपल्या वीज मंडळाला योग्य प्रश्न विचारू शकतो.

कशाशी तुलना करावी

स्वतःचा आकडा हाती आल्यावर तो जगाच्या दरडोई जैवक्षमतेशी ताडून पाहतात. ती सुमारे दीड जागतिक हेक्टर आहे, आणि जगाची दरडोई पाऊलखूण सुमारे २.६. त्यांचा भागाकार म्हणजे पावणेदोनच्या आसपासच्या ‘पृथ्व्या’. १९६१ पासूनचे हिशोब पाहिले तर एक विसंगत वाटणारी गोष्ट दिसते: सुधारित बियाणे, खते आणि सिंचन यांमुळे पृथ्वीची एकूण जैवक्षमता वाढली, पण लोकसंख्या त्याहून वेगाने वाढल्याने माणशी वाटा जवळपास निम्म्यावर आला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून जगाची मागणी पुरवठ्याच्या वर आहे.

देशांच्या बाबतीत दोन वेगवेगळ्या तुलना होतात आणि बातम्यांत त्यांची हमखास सरमिसळ होते. एक तुलना देशाची दरडोई पाऊलखूण आणि जगाची दरडोई जैवक्षमता यांच्यात असते; ‘सगळे जग अमेरिकेसारखे जगले तर सुमारे पाच पृथ्व्या लागतील’ हे विधान त्यातून येते. दुसरी तुलना देशाची पाऊलखूण आणि त्या देशाचीच जैवक्षमता यांच्यात असते. ब्राझीलची दरडोई पाऊलखूण जगाच्या दीड हेक्टरच्या वर आहे, म्हणून पहिल्या तुलनेत तो जास्त वापरणारा देश ठरतो. पण अफाट जंगलामुळे त्याची स्वतःची जैवक्षमता पाऊलखुणेच्या दुपटीहून अधिक आहे, म्हणून दुसऱ्या तुलनेत तो शिलकीत दिसतो. बांगलादेशाचे याच्या उलट. तेथील माणूस जगाच्या वाट्यापेक्षा पुष्कळ कमी वापरतो, तरीही दाट लोकवस्तीमुळे देश तुटीत आहे. तूट म्हणजे उधळपट्टी आणि शिल्लक म्हणजे संयम, असा अर्थ लावणारा लेख दिसला तर तो बाजूला ठेवावा.

दरवर्षी जाहीर होणारी ‘पृथ्वी मर्यादा-उल्लंघन दिना’ची, म्हणजे जगाची वर्षभराची जैवक्षमता ज्या दिवशी वापरून संपते त्या दिवसाची, तारीख याच दोन आकड्यांच्या भागाकारातून येते: जैवक्षमता भागिले पाऊलखूण, गुणिले ३६५. २०२५ मध्ये ती २४ जुलै होती. तो वर्षाचा २०५ वा दिवस, आणि ३६५ ला २०५ ने भागल्यास १.७८ येतात. २०२० मध्ये महासाथीमुळे ही तारीख २२ ऑगस्टपर्यंत लांबली होती. मात्र वेगवेगळ्या वर्षी जाहीर झालेल्या तारखा शेजारी ठेवून कल काढू नये. २०२४ मध्ये १ ऑगस्ट आणि २०२५ मध्ये २४ जुलै, म्हणजे वर्षभरात वापर तेवढा वाढला असे नव्हे. महासागर किती कार्बन शोषतात याचा अंदाज सुधारल्याने त्या फरकाचा मोठा भाग आला होता. कल पाहायचा असेल तर एकाच वर्षी, एकाच पद्धतीने फेरमोजणी केलेली जुनी मालिका घ्यावी.

पुरवठ्यापेक्षा जास्त वापर होऊनही जग चालते कसे, असा प्रश्न येथे पडायला हवा. साठा खर्च होत असतो म्हणून ते चालते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यालगत कॉड माशांची पकड मोठ्या जहाजांमुळे १९६८ मध्ये सुमारे आठ लाख टनांवर पोहोचली. बाजारात मासा भरपूर होता, भाव परवडत होता, आणि पकडीचा आकडा पाहणाऱ्याला समुद्र उदार वाटला असता. पण पकडले जाणारे मासे त्या वर्षीच्या वाढीतले नव्हते. प्रजननक्षम साठाच जाळ्यात येत होता. जुलै १९९२ मध्ये कॅनडा सरकारला बंदी घालावी लागली, तीस हजारांहून अधिक लोकांचा रोजगार गेला, आणि ही बंदी तीन दशकांहून अधिक काळ टिकली. हवेतल्या कार्बनचे गणित याच जातीचे आहे, फक्त तेथे साठा संपत नाही, साचतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आता ते ४२० च्या पुढे गेले आहेत.

या मापात काय येत नाही

पद्धतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप २०१३ मध्ये काही संशोधकांनी मांडला, आणि तो समजून घेतल्याशिवाय हा आकडा कोणी वापरू नये असे माझे मत आहे. जागतिक पातळीवर शेतजमिनीची पाऊलखूण आणि तिची जैवक्षमता व्याख्येनेच सारखी निघते, कारण जे पीक खाल्ले ते असलेल्या जमिनीतूनच आलेले असते. नसलेल्या शेतातून कोणी धान्य कापू शकत नाही. बांधकामाखालील जमिनीचेही तसेच. मग जगाची जी तूट दिसते ती जवळपास सगळी कार्बनच्या शीर्षातून येते, आणि ते शीर्ष जंगल हेक्टरी किती कार्बन शोषते या एका गृहीतकावर उभे आहे. झपाट्याने वाढणारी झाडे लावली असे मानले तर तूट कागदावर विरघळते. याचा अर्थ तूट खोटी आहे असा होत नाही, कारण हवेतला कार्बन प्रत्यक्ष वाढतोच आहे. पण १.७ की १.८ या दशांशावर वाद घालण्यात हशील नाही. दिशा खरी मानावी, दशांश सोडून द्यावा.

त्याच कारणाने शेतजमिनीची झीज या हिशोबात दिसत नाही. भूजल उपसून, माती थकवून आणि खतांचा मारा करून एखाद्या प्रदेशाने हेक्टरी उत्पादन दुप्पट केले, तर हिशोब त्याची जैवक्षमता वाढली असेच नोंदवेल. जमिनीच्या आरोग्याबद्दल निष्कर्ष काढताना हा आकडा उपयोगाचा नाही. विषारी द्रव्ये, प्लास्टिक, नामशेष होणाऱ्या प्रजाती, खाणीतून काढलेली खनिजे यांच्यासाठीही येथे स्वतंत्र जागा नाही. खनिजे काढायला लागलेली ऊर्जा धरली जाते, खनिज संपल्याची नोंद होत नाही.

म्हणून शेजारी आणखी दोन मापे ठेवावीत. आर्यन हूकस्ट्रा यांनी २००२ मध्ये मांडलेली पाण्याची पाऊलखूण एखाद्या वस्तूमागे खर्च झालेले पाणी सांगते: जमिनीत मुरलेल्या पावसाचे ‘हिरवे’, नदी-तलाव-भूजलातून उचललेले ‘निळे’, आणि प्रदूषण सुसह्य होईल इतके पातळ करण्यासाठी लागणारे ‘करडे’. सुती सदऱ्यामागे सरासरी अडीच हजार लिटरांच्या आसपास आणि एक किलो गोमांसामागे सरासरी पंधरा हजार लिटर पाणी, हे प्रसिद्ध आकडे तिघांची बेरीज आहेत. पाण्याच्या बाबतीत मात्र बेरजेपेक्षा ठिकाण महत्त्वाचे. पावसाच्या प्रदेशातले हजार लिटर हिरवे पाणी आणि आटत चाललेल्या विहिरीतले हजार लिटर निळे पाणी यांना एकाच तराजूत घालू नये. दुसरे माप साधनसामग्रीची पाऊलखूण, म्हणजे वाळू, खडी, धातू, इंधने आणि जैविक माल यांचे टनांतले वजन. जगात दरवर्षी उपसल्या जाणाऱ्या साधनसामग्रीचे वजन १९७० मध्ये सुमारे तीन हजार कोटी टन होते, ते आता दहा हजार कोटी टनांच्या वर गेले आहे, आणि त्यातला सर्वांत मोठा भाग बांधकामासाठीच्या वाळू-खडीचा आहे.

हिशोबावरून निर्णय कसा घ्यावा

यादीतील ओळी मोठ्याकडून लहानाकडे लावाव्यात आणि वरच्या तीन-चार ओळींपलीकडे पाहू नये. बहुतेक घरांत त्या ओळी प्रवास, वीज किंवा घर गरम-थंड राखणे, आणि प्राणिजन्य अन्न यांच्या असतात. प्लास्टिकची पिशवी नाकारणे चांगलेच, पण तिची कारणे वेगळी आहेत. पाऊलखुणेत तिची ओळ शोधावी लागते. एकाच घरात अधिक माणसे राहत असतील तर फ्रिज, दिवे आणि मोटार यांचा दरडोई वाटा आपोआप उतरतो, आणि हा परिणाम कोणत्याही उपकरणावरच्या ऊर्जाबचतीच्या ताऱ्यांपेक्षा मोठा असू शकतो.

बचत झालेल्या पैशांवर लक्ष ठेवावे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिले होते की वाफेची इंजिने कमी कोळशात अधिक काम करू लागली तेव्हा कोळशाचा एकूण वापर घटण्याऐवजी वाढला, कारण काम स्वस्त झाले. घरातही असेच होते. कमी पेट्रोल पिणारी मोटार घेतली म्हणून ती अधिक फिरवली, किंवा वाचलेल्या पैशांतून विमानाचे तिकीट काढले, तर वरची ओळ उतरते आणि खालची चढते. म्हणून सुधारणा ओळीनिहाय न पाहता वर्षअखेरच्या बेरजेत पाहावी.

पुढच्या वर्षी हिशोब पुन्हा मांडताना गुणक तेच ठेवावेत. वीजजाळे स्वच्छ झाल्याने आकडा उतरला की आपण युनिट कमी वापरल्याने, हे वेगळे काढायचे असेल तर आधी जुन्याच गुणकाने नवी युनिटे मोजावीत आणि मग नव्या गुणकाने. दोन उत्तरांतला फरक जाळ्याचा, आणि उरलेला आपला. किलो, लिटर, युनिट आणि किलोमीटर यांच्या मूळ नोंदी मात्र जपून ठेवाव्यात, कारण गुणक कितीही वेळा बदलले तरी त्या नोंदींवरून सगळा हिशोब नव्याने करता येतो.